केटलबेल डोक्यावर नेण्याआधी

हल्ली कोणत्याही मध्यम शहरातल्या व्यायामशाळेत डोकावलात, तर डंबेल्सच्या रांगेशेजारी लोखंडी गोळ्यांची एक ओळ मांडलेली दिसते. तळ सपाट, वर जाड कडी, आणि लांबून पाहिले तर बिनतोटीच्या किटलीसारखा आकार. हीच केटलबेल. आता ती घरोघरीही येऊ लागली आहे. मुलगा किंवा मुलगी ती मागवते आणि मोबाइलवर पाहिलेला सर्वांत देखणा प्रकार पहिल्याच दिवशी करून पाहते. तो प्रकार म्हणजे स्नॅच. पहिल्या आठवड्यात मनगटावर काळेनिळे डाग पडतात. दुसऱ्या आठवड्यात तळहाताची कातडी सोलते. तिसऱ्या आठवड्यात कंबर किंवा खांदा कुरकुरू लागतो. मग चौदाशे-पंधराशे रुपयांची ती वस्तू दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवली जाते.

यात दोष केटलबेलचा नाही, आणि स्नॅचचाही नाही. चुकतो तो क्रम. गाणे शिकणारा पहिल्या दिवशी द्रुत ताना घेत नाही. महिनोन्महिने सूर लावतो. व्यायामातही काही प्रकार असे आहेत की त्यांच्याआधी पाच-सहा गोष्टी अंगात मुरलेल्या असाव्या लागतात. स्नॅच त्यांपैकीच एक. आजच्या लेखात त्या गोष्टींचीच माहिती घेऊ.

स्नॅच म्हणजे नेमके काय?

स्नॅच हा शब्द आपल्याला नवा नाही. सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिने स्नॅचमध्ये ११० किलो वजन उचलले होते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने रौप्यपदक मिळवताना स्नॅचमध्ये ८७ किलो उचलले. तो लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी करायचा स्नॅच.

केटलबेलचा स्नॅच एका हाताने होतो. गोळा दोन्ही पायांच्या मधून मागे झुलतो, खुब्याच्या झटक्याने पुढे येतो आणि मध्ये कुठेही न थांबता थेट डोक्यावर जातो. तिथे कोपर ताठ होते, गोळा मनगटावरून वळून हाताच्या मागच्या बाजूला टेकतो. क्षणभर स्थिर राहून तो पुन्हा खाली येतो आणि पायांमधून मागे जातो. अशी पुनरावृत्ती सलग चालते. दांड्याच्या स्नॅचमध्ये खेळाडू एकदा वजन उचलून जमिनीवर सोडून देतो. इथे मात्र वर गेलेले वजन प्रत्येक वेळी आपणच झेलून खाली आणायचे असते. गोळा साधारण दीड मीटर खाली येतो आणि तळाशी तो थोपवताना हाताला त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त ओढा बसतो. खरी परीक्षा वर नेण्यात जेवढी आहे, तेवढीच खाली आणण्यात आहे.

धान्याच्या वजनापासून खेळापर्यंत

केटलबेल रशियातली. तिला तिकडे ‘गिर्या’ म्हणतात. ‘पूड’ हे तिथले जुने वजनाचे माप. एक पूड म्हणजे सुमारे १६.४ किलो. बाजारात धान्य तोलायची ही वजने लोक ताकद आजमावण्यासाठी उचलू लागले. म्हणूनच आजही १६, २४ आणि ३२ किलो, म्हणजे एक, दीड आणि दोन पूड, ही प्रमुख वजने मानली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी या व्यायामाला शास्त्रीय वळण दिले. सोव्हिएत काळात त्याचा खेळ झाला आणि १९८५ मध्ये लिपेत्स्क येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. मिन्स्कमध्ये जन्मलेले पावेल त्सात्सुलीन यांनी २००१ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षकांचे वर्ग सुरू केले आणि तिथून ही वस्तू जगभर गेली.

स्पर्धेत स्नॅच दहा मिनिटे चालतो. गोळा खाली ठेवायचा नाही आणि हात एकदाच बदलायचा, असा त्याचा रूढ नियम. प्रशिक्षकांच्या एका प्रसिद्ध परीक्षेत पुरुषांना २४ किलोच्या गोळ्याने पाच मिनिटांत १०० स्नॅच करावे लागतात. हे आकडे वाचून हुरूप येतो हे खरे, पण ते वर्षानुवर्षांच्या तयारीचे आकडे आहेत.

झुलत्या वजनाची कल्पना आपल्यालाही परकी नाही. तालमीत मुगदल फिरवणाऱ्यांना ठाऊक आहे की वस्ताद आधी हलका मुगदल हाती देतात, खांदा मोकळा झाल्यावर जड. तोच शहाणपणा इथे हवा.

पहिली पायरी : खुब्यातून वाकणे

आपण बैठका ओळखतो. बैठकीत गुडघे पुढे जातात आणि शरीर सरळ खाली येते. केटलबेलला लागणारे वाकणे वेगळे आहे. त्यात गुडघे किंचितच दुमडतात, नितंब मागे जातात आणि पाठ सरळ राहून पुढे झुकते. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना आपण मागचे दार पार्श्वभागाने ढकलून लावतो ना, अगदी तसे.

हे जमते की नाही ते घरी तपासता येते. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून सुमारे एक फूट पुढे उभे राहा. टाचा न उचलता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. आता केरसुणीचा दांडा किंवा काठी पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही फऱ्यांमधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा भाग असे तीन बिंदू काठीला टेकलेले असावेत. वाकताना यांपैकी एखादा सुटला, तर पाठ गोल होते आहे असे समजा. मांडीच्या मागे ताण जाणवला पाहिजे. कमरेत जाणवला तर वाकणे चुकले.

हे सहज जमू लागल्यावर गोळा घोट्यांच्या मध्ये ठेवून दोन्ही हातांनी उचला, सरळ उभे राहा आणि पुन्हा ठेवा. याला डेडलिफ्ट म्हणतात. दोन आठवडे एवढेच केले तरी चालेल. गव्हाचा डबा, गॅसचे सिलिंडर, पाण्याची कळशी उचलताना हीच सवय उपयोगी पडते. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ही पायरी बिनवजनाची जरूर शिकवा.

दुसरी पायरी : झोका

इंग्रजीत याला स्विंग म्हणतात. स्नॅचचे इंजिन हेच. गोळा पावलांच्या थोडा पुढे ठेवायचा, दोन्ही हातांनी धरून मागे ओढायचा आणि खुबा झटकन सरळ करून छातीच्या उंचीपर्यंत तरंगू द्यायचा. हात केवळ दोरीसारखे. खांद्याने उचलायचे नाही. वर असताना गुडघे सरळ, नितंब आवळलेले, पोट घट्ट. कुणी बाजूने पाहिले तर डोक्यापासून टाचेपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. श्वास मागे जाताना नाकाने घ्या आणि वर येताना तोंडाने फुस्कन सोडा.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, झोक्याची बैठक करणे. दुसरी, वर गेल्यावर कमरेतून मागे रेलणे. तिसरी, घाईने वाकणे. गोळा खाली येताना हात बरगड्यांना लागेपर्यंत थांबायचे आणि मगच वाकायचे. मागे जाताना मनगटाकडचा भाग मांड्यांच्या वरच्या अंगाला लागला पाहिजे. गोळा गुडघ्यांच्या खालून गेला की कंबर ओढली जाते.

दहा झोके, मग विश्रांती, असे दहा वेळा नीटनेटके होईपर्यंत इथेच राहावे. विश्रांती किती? एक वाक्य न धापता बोलता आले की पुढचे दहा. घड्याळापेक्षा ही कसोटी चांगली.

त्यानंतर एका हाताचा झोका. आता गोळा शरीराला एका बाजूला पिळू पाहतो. दोन्ही खांदे समोरच्या भिंतीकडे समान ठेवणे आणि हात खांद्याच्या वाटीतून बाहेर ओढला जाऊ न देणे, हे इथे शिकायचे. प्रत्येक हाताने सलग दहा, असे पाच वेळा, शेवटच्या फेरीतही पहिल्यासारखेच दिसले तर पकड आणि खांदा तयार होत आहेत.

तिसरी पायरी : खांद्याची चौकशी

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि तीच महागात पडते. दिवसभर संगणकापुढे, शिलाईयंत्रापुढे किंवा स्वयंपाकाच्या ओट्यापुढे वाकलेल्या माणसाचा हात डोक्यावर पूर्ण सरळ जातोच असे नाही. तो जातो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कमरेला बाक देऊन आपण उरलेले अंतर भरून काढतो.

सतरंजीवर पाठीवर झोपा. गुडघे दुमडून पावले जमिनीवर ठेवा. कंबर आणि बरगड्या खाली टेकलेल्या राहू द्या आणि दोन्ही हात, कोपरे सरळ ठेवून, डोक्यामागे न्या. अंगठे जमिनीला लागले आणि कंबर उचलली गेली नाही, तर खांदा पात्र आहे. नाही लागले तर वजन डोक्यावर नेण्याची घाई नको. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती उघडणे, पाठीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मान आणि छाती मागे सोडणे, हे रोज पाच मिनिटे करावे. काही आठवड्यांत फरक पडतो.

चाळिशीनंतर खांदा आखडण्याचा विकार पुष्कळ आढळतो आणि मधुमेह असणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. हात मागे नेऊन ब्लाउजचा हूक लावता येत नाही, केस विंचरताना कळ येते, रात्री कुशीवर झोपता येत नाही, अशी लक्षणे असतील तर तो नुसता ताठरपणा नसू शकतो. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

चौथी पायरी : वजन डोक्यावर सांभाळणे

झोक्याने गोळा वर पोहोचेल. पण वर गेल्यावर त्याला स्थिर धरणार कोण? त्यासाठी ‘गेट-अप’ हा संथ व्यायाम आहे. पाठीवर झोपून एक हात छताकडे सरळ करायचा, दुसऱ्या हाताचा कोपर, मग तळवा टेकत, मग एक गुडघा टेकत उभे राहायचे आणि त्याच वाटेने परत झोपायचे. या सर्व वेळात वरचा हात छताकडेच. सुरुवातीला वजन नको. मुठीवर अर्धे पाणी भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून करून पाहा. पाणी सांडले की आपला हात कुठे डळमळतो ते लगेच कळते. पेला न सांडता दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा जमल्यावर हलका गोळा घ्या.

सोबत दोन गोष्टी कराव्यात. गोळा खांद्यापासून वर सावकाश ढकलणे, म्हणजे प्रेस. आणि वर धरून खोलीत तीस सेकंद चालणे. दंड कानाजवळ, कोपर ताठ, मनगट सरळ. ज्या वजनाने स्नॅच करायचा, ते वजन पाच वेळा सावकाश प्रेस करता आले आणि वर धरून शांतपणे चालता आले, तर ते वजन आपले. न जमल्यास हलके वजन घ्यावे. झोक्याच्या जोरावर ते वर फेकता येते म्हणून ते झेपते असे नाही.

पाचवी पायरी : गोळ्याला वळण लावणे

मनगटावर डाग का पडतात? कारण गोळा लांबून गोल वाटेने येतो आणि शेवटी उलटून हातावर आपटतो. हे टाळायची कला ‘क्लीन’ या प्रकारात शिकतात. त्यात गोळा फक्त खांद्यापर्यंत आणायचा असतो. कोपर अंगाजवळ ठेवायचे, स्वेटरची चेन वर ओढावी तसा गोळा अंगालगत वर येऊ द्यायचा आणि पकड सैल करून हात कडीत सरकवायचा. गोळा हातावर मांजरासारखा अलगद बसला पाहिजे. दहापैकी दहा वेळा आवाज न होता बसला, तर पुढे जायचे.

त्यानंतर ‘हाय पुल’. एका हाताच्या झोक्यात गोळा वर येत असताना कोपर मागे ओढून तो चेहऱ्याच्या उंचीला आणायचा आणि परत सोडायचा. गोळा आपल्या ताब्यात आहे, तो आपल्याला ओढत नाही, हे इथे कळते.

शेवटी उतरणे. स्नॅच शिकताना खालून वर जाण्याआधी वरून खाली येणे शिकावे. गोळा दोन्ही हातांच्या मदतीने डोक्यावर न्या. मग एका हाताने, कोपर थोडे सैल करून, अंगाजवळून खाली सोडा आणि झोक्यात मागे जाऊ द्या. पायांमधून परत आला की थांबा. अशी पाच-पाच उतरणी शांतपणे जमली की स्नॅचचा अर्धा भाग तुम्हाला येतो. मग ‘अर्धा स्नॅच’ करावा : एका झटक्यात वर न्यायचे, पण उतरवताना आधी खांद्यावर आणायचे, मग खाली. याने ओढा कमी होतो आणि नवख्या खांद्याला सवय लागते. पूर्ण स्नॅच यानंतर. तोही पाचच्या वर सलग नको.

किती वजन, किती दिवस?

नवशिक्या स्त्रियांनी साधारण ८ किलोपासून आणि पुरुषांनी १२ किंवा १६ किलोपासून सुरुवात करावी. पन्नाशी उलटलेल्यांनी याहून कमी घेण्यात काहीच लाज नाही. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. नियमित करणाऱ्याला या साऱ्या पायऱ्यांना तीन ते चार महिने लागतात, असे धरून चाला. एखाद्या पायरीला जास्त लागले तर लागू द्या. तारीख पाहून पुढे जाऊ नका. कसोटी पार झाली की जा. एक वही ठेवा. तारीख, वजन, किती वेळा आणि दुसऱ्या दिवशी कुठे दुखले, एवढे चार रकाने पुष्कळ. स्नायू भरून आले तर ते काही दिवसांत जाते. सांध्यात कळ, हाताला मुंग्या किंवा पायात उतरणारी वेदना मात्र लगेच थांबण्याची सूचना असते.

घरी करताना

- आधी डोक्यावर पाहा. पंख्याखाली स्नॅच करू नका. हात आणि गोळा मिळून अंदाजापेक्षा उंच जातात.
- अनवाणी किंवा सपाट तळाच्या बुटांत करा. उंच टाचेच्या, मऊ तळाच्या धावण्याच्या बुटांत तोल जातो.
- फरशीवर जाड रबरी चटई किंवा घडी घातलेली सतरंजी टाका. गच्ची किंवा अंगण असेल तर उत्तम.
- समोर दहा-बारा फुटांत लहान मूल, काच किंवा देव्हारा नको.
- गोळा हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका. बाजूला व्हा.
- अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. कडी तळहाताच्या मधोमध न धरता बोटांच्या मुळाशी धरा. घट्टे वाढले तर अंघोळीनंतर वज्रीने हलके घासा. फुगलेला घट्टा कडीत अडकून फाटतो.

कुणी आधी विचारावे?

आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, मणक्यातील चकती सरकणे, हर्निया, निसटलेला खांदा, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार, हाडांचा ठिसूळपणा, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय केटलबेलला हात लावू नये. गरोदरपणात हे नव्याने सुरू करू नये. बाळंतपणानंतर, विशेषतः पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर, डॉक्टरांची परवानगी आणि पोटाच्या स्नायूंची पूर्वतयारी आवश्यक.

याचा अर्थ गृहिणींनी वजनापासून दूर राहावे असा मुळीच नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने घटते आणि स्नायूही कमी होत जातात. वजन उचलण्याचा व्यायाम ही घट रोखायला मदत करतो. पंचेचाळिशीतल्या आईने केटलबेल उचलावी, मुलाने आणलेलीच उचलावी, पण पहिल्या पायरीपासून.

आणि एक गोष्ट मनात पक्की असू द्या. स्नॅच केलाच पाहिजे असे काही नाही. खांदा साथ देत नसेल, तर झोका आणि गेट-अप हे दोनच प्रकार पाय, पाठ, पोट, खांदे आणि दम या सर्वांना पुरतात. अनेक जाणकार वर्षानुवर्षे तेवढेच करतात. तुमचा मुलगा स्नॅचची घाई करत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या हाती काठी द्या, भिंतीपुढे उभे करा आणि तीन बिंदू टेकवून वाकायला सांगा. जमले तर पुढची पायरी सांगा. नाही जमले तर आज काय करायचे ते त्याचे त्यालाच कळेल.